चिपळूणला आई-बाबा दोघंच आहेत, पाणी भरायच्या आधी घर नेमकं कधी सोडायचं?

पेठेतलं_घर:
घर बाजारपेठेच्या मागे, तळमजला. मी पुण्यात असतो. २२ जुलै २०२१ ला घरात पार पंख्यापर्यंत पाणी होतं, तेव्हा नशिबाने दोघं आत्याकडे होते. आता परत रेड अलर्ट आलाय आणि बाबांचं एकच, अंगणात पाणी आलं की बघू. मी आज रात्रीच गाडी काढून कुंभार्ली घाटाने निघू का? आणि किती पाणी आलं की निघायचं असा काही हिशोब असतो का?

खाडीकाठ:
दादा, अंगणात यायची वाट बघूच नका हो. आपल्याकडे नुसतं गावातल्या पावसाचं पाणी नसतं, वर घाटमाथ्यावर कोसळतो ते सगळं वाशिष्ठी नदीत, कोयनेचं वीज करून सोडलेलं पाणी पण कोळकेवाडी धरणातून तिच्यातच, आणि त्यात खाली दाभोळच्या खाडीला भरती असली की पाण्याला पुढे जायला वाटच नाही, ते मागे पेठेत चढतं. २०२१ ला पौर्णिमा तोंडावर होती, उधाणाचे दिवस होते. म्हणून गावात पाऊस उघडला तरी पाणी वाढू शकतं, बाबांना हे नीट समजावा. रेड अलर्ट आणि रात्रीची भरती एकत्र आली की संध्याकाळी उजेडातच उंचावर जायचं, पाणी असो नसो. एक रात्र दुसरीकडे झोपलं तर काय बिघडतं?

घाटवाट:
तुम्ही मात्र रात्री निघू नका प्लीज. दरडीचं सोडाच, मोरीवरून पाणी जात असेल तर खाली रस्ता उरलाय की नाही तेच दिसत नाही. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी कार तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीचा पूल रात्री गेला, अंधारात एसटी सरळ नदीत गेली. त्यापेक्षा फोनवरून शेजारचा एखादा तरुण मुलगा गाठा आणि त्याच्याकडून दोघांना हलवा. ११२ आणि जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा १०७७ आईच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

मीटरबॉक्स:
निघताना मेन स्विच बंद, पण हात कोरडे आणि पायाखाली कोरडं असेल तरच. पाणी आत आलं असेल तर बोर्डाजवळ जाऊच नका. सिलिंडरचा रेग्युलेटर काढा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा, नाहीतर तरंगत जातो. गोळ्या, कागदपत्रं, चार्जर एका प्लास्टिकच्या पिशवीत. फ्रिज-टीव्ही वर उचलत बसायचं नाही, माणसं त्यातच अडकतात.

पेठेतलं_घर:
खूप आभार सगळ्यांचे. भरतीचं सांगितल्यावर बाबा जरा गप्प झाले. समोरच्या बिल्डिंगमधले काका तिसऱ्या मजल्यावर असतात, ते आत्ता घ्यायला येतायत. बाबांना शुगर आहे, पायाला छोटी जखम पण आहे, नंतर साफसफाईला ते उतरणारच, त्याचं काय करू?

कोकण_नर्स:
जखम असेल तर त्यांना चिखलात अजिबात उतरू देऊ नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा गंभीर आजार) तसाच होतो, पुराच्या पाण्यात उंदरांची-गुरांची लघवी मिसळलेली असते. पाय भिजलाच तर साबणाने स्वच्छ धुवून लगेच डॉक्टरांना दाखवा, ताप यायची वाट बघू नका, प्रतिबंधक गोळी पहिल्या तीन दिवसांत द्यायची असते आणि ती डॉक्टरच ठरवतील. पिण्याचं पाणी उकळूनच. इन्सुलिन चालू असेल तर ते आज सोबत न्यायला सांगा, आत्ताच फोन करा.