डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर हवा की कॉम्प्युटर?

खणभागकर: सांगलीत आमचा डोळ्यांचा दवाखाना. डॉक्टर बायको, कटकटी माझ्याकडे. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा आत शिरली आणि केसपेपरचा लगदा झाला. चष्म्याचा नंबर पुन्हा काढता येतो हो, पण काचबिंदूवाल्याचा सहा वर्षांपूर्वीचा डोळ्यातला दाब आणि फील्डचा, म्हणजे नजरेच्या घेराच्या तपासणीचा, रिपोर्ट कुठून आणायचा? त्यात आजचा आकडा एकटा काही बोलत नाही. 18 चा दाब एकाला चालतो, दुसऱ्याची नस तेवढ्यावरही खराब होत राहते, आणि गेलेली नजर परत येत नाही. मागचे आकडे ओळीने दिसले तरच थेंब वाढवायचे का ते ठरतं. सगळं सॉफ्टवेअरवर न्या, असं माझं स्पष्ट मत.

मिरजेचा डोळेवाला: आणि कॉम्प्युटर कुठे ठेवलाय? तळमजल्यावरच ना?

असो. ओपीडीत सत्तर पेशंट असताना मी स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळा तपासायच्या दुर्बिणीतून, बघू की उजव्या-डाव्या डोळ्याचे वीस-वीस रकाने भरू? डोळ्यातला सुटलेला पडदा मी लाल-निळ्या पेन्सिलीने कागदावर मिनिटात काढतो. माउसने काढून दाखवा. शिवाय ते 'मागची नोंद कॉपी करा' बटण! मोतीबिंदू काढून लेन्स बसवलेल्या डोळ्यापुढे 'मोतीबिंदू पिकतोय' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. कागदावर हात आळस करतो, पण खोटं लिहीत नाही.

खणभागकर: बॅकअप तासगावला, मेव्हण्याकडे. शिकलोय आता. बटणाचं मात्र मान्य, आम्ही ते बंद करून घेतलं. मला खरी भीती वेगळीच आहे. सॉफ्टवेअर बदलायचं म्हटलं तर कंपनीवाला म्हणतो, पीडीएफ देतो. हजारो पीडीएफमधून दाबाचा आलेख मी काढत बसू?

मिरजेचा डोळेवाला: बघा, तुमचंच तुम्हाला मिळेना. माझं कपाट तरी माझं आहे.

काउंटरवरची ताई: दोघेही केबिनमधून बोलताय. जतहून आजी येतात, मोबाइल नंबर पुण्याच्या नातवाचा. 'उद्या पट्टी काढायला या' हा मेसेज त्याला जातो, तो मीटिंगमध्ये. आडनाव पाटील, नाव तेच, अशा तिघी एकाच दिवशी. मी वय, गाव आणि कोणता डोळा हे विचारून मगच पेपर आत देते. कॉम्प्युटर आल्यापासून तेच वहीतही लिहिते, म्हणजे काम दुप्पट.

मिरजेचा डोळेवाला: बरं, दाब, नंबर, लेन्सची पॉवर कॉम्प्युटरवर घ्या. चित्र मात्र कागदावरच, त्याचा फोटो जोडा.

खणभागकर: चालेल. फोटो कोण काढणार?

काउंटरवरची ताई: मीच. दुसरं कोण आहे?