समुद्रतळाच्या खाणी : गोंयकारांनी टाळ्या कशाला वाजवायच्या?

सत्तरीकर

बातमी जुनी झाली, तरी आमच्या गावच्या ग्रुपवर अजून फिरतेय. खाली 'गोव्याची शान' आणि ओळीने तिरंगे. ज्यांच्यापर्यंत पोचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खुल्या समुद्राच्या तळावर कुणाचा देश नाही, तिथले हक्क जमैकातल्या किंग्स्टनचे आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण देते. सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने त्यांच्याशी नवा करार केला. हिंदी महासागरात पाण्याखाली कार्ल्सबर्ग नावाची डोंगररांग आहे. तिथल्या १०,००० चौरस किलोमीटर टापूत गंधकयुक्त धातूंचे साठे शोधायचे, आणि ते काम वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा टापू तर आधीपासून आपल्याकडे आहे. तिथे तळावर मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले गोटे पसरलेत. तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी 'मत्स्य ६०००' पाणबुडीही बनतेय.

शोधाला माझी ना नाही. शास्त्रज्ञांनी खुशाल जावे, आणि ते गोव्यातून जातात याचे मलाही बरे वाटते. पण शोधाच्या मागून खाण येते. तिची वरात आम्ही सत्तरी-डिचोलीवाल्यांनी आधी बघितलीय.

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला खाणीच्या टाकाऊ मातीचा ढीग होता. मिरगाचा पहिला मोठा पाऊस लागला की ढीग खाली उतरायचा. चिकट गाळ, घोट्यापर्यंत. चार दिवस ऊन पडले की त्याचे पापुद्रे सुटायचे, एक उचलला तर खाली भाताचे रोप पिवळे होऊन चिकटलेले. मग कंपनीचा माणूस यायचा, बांधावरून पावले टाकत नुकसान मोजायचा, आणि पंचांच्या घरी चहा घेऊन जायचा. त्या खाणीचा पर्यावरण अहवाल होता बरे का. बांधणी सुंदर.

माझे म्हणणे एवढेच. पहिला टन वर काढण्याआधी तीन गोष्टी लिहून ठरू देत: तळावर नजर कोण ठेवणार, बिघडले तर थांबवणार कोण, आणि पैसा कुणाच्या खात्यात जाणार. हे ठरेपर्यंत काढणी नको. शेताचा बांध निदान पायी चालत जाऊन बघता तरी येत होता.

चोडणचो बार्जवाला

आले परत! शेत दिसले, आमची घरे नाही दिसली? २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा मांडवीत नांगरलेल्या खनिजवाहू बार्जी जागच्या जागी गंजल्या. पुढे परत सुरू झाल्या, मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज एका फटक्यात रद्द केली. बँकेने हप्ता थांबवला काय? जे खाण बंद झाली म्हणून नाचले, त्यांचा पगार एक तारखेला येत होता.

आता समुद्राच्या तळाशी ना गाव, ना शेत, ना बागायत. तिथेही नको? मोबाइल पाहिजे, इलेक्ट्रिक स्कूटर पाहिजे, धातू मात्र दुसऱ्याच्या अंगणातला. कोबाल्ट काँगोतून येतो, निकेलसाठी इंडोनेशियात जंगले कापतात. ते चालते तुम्हाला, कारण ते चोडणहून दिसत नाही.

सत्तरीकर

बार्जवाले बाब, हप्त्याचे दुःख खरे आहे. पण खाणी बंद का झाल्या ते सांगा की. नियम धाब्यावर बसवून माल काढला म्हणून. सुरुवातीला कुणी लगाम घातला असता तर २०१२ आलेच नसते, आणि तुमच्या बार्जीही चालू राहिल्या असत्या.

निवृत्त दर्यावर्दी

मी संशोधन जहाजांवर आयुष्य काढले. शास्त्रज्ञ नव्हे, दोर आणि विंच सांभाळणारा. त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडे टोचेल असे बोलतो.

हे गोटे काही काल सापडलेले नाहीत. दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ ला पहिला नमुना वर काढला, तोही अरबी समुद्रातून. १९८७ मध्ये भारताला 'आद्य गुंतवणूकदार' हा दर्जा मिळाला, म्हणजे शोधासाठी समुद्रतळाचा टापू राखून मिळाला. हे सगळे गोव्यात बसून झालेले काम आहे, त्याची शान वाटली तर त्यात लाज कसली?

गोटा हातात घेतलाय मी. बटाट्याएवढा, काळपट, अंगाने खरबरीत. हाताळला की बोटे काळी होतात, आणि अपेक्षेपेक्षा ठिसूळ निघतो. मधोमध कापला तर एकाभोवती एक वलये, आणि कधी कधी अगदी गाभ्यात शार्कचा दात. त्या दाताभोवती धातू साचत गेला, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर या चालीने. म्हणजे उचलला तो गेला, आपल्या हिशेबात तो परत येत नाही. हे मी सत्तरीकरांच्या बाजूने सांगतो.

आता दुसरी बाजू. खाणीने तळाचे काय होईल हे बघायला १९९७ मध्ये मध्य हिंदी महासागरात मुद्दाम तळ ढवळून पाहिला होता. प्रयोग गोव्याच्याच संस्थेचा. पाच हजार मीटरहून खोल, यंत्र ओढत गाळ उडवायचा, मग तो कुठे बसतो, किडे-जंतू किती मरतात, किती परततात ते मोजायचे. 'आधी तपासा' म्हणताय ना? हा तपास हाती घेतला तेव्हा खाणीची हाकाटी नव्हती. टापूवर हक्क असल्यामुळेच त्या तपासाला पैसे मिळाले. हक्क सोडला तर जहाजेही थांबतील, आणि मग मोजणारच कोण?

शिवाय आपण खुर्ची रिकामी ठेवली तर नियम दुसरेच लिहितील. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढून खुल्या समुद्रात परवाने द्यायची वाट मोकळी केली, प्राधिकरणाला बगल देऊन. अमेरिकेने सागरी कायद्याच्या करारावर मंजुरीची मोहोर उठवलेलीच नाही. आपण १९९५ पासून आत आहोत.

फोंड्याचा मास्तर

दर्यावर्दींचा मुद्दा पटला, एक पुरवणी. पेरूच्या समोर जर्मन शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये असाच तळ नांगरला होता. २०१५ मध्ये परत जाऊन पाहिले तर नांगराच्या रेघा जशाच्या तशा. पॅसिफिकमध्ये १९७९ ला एका खाणयंत्राची चाचणी झाली होती, तिथे ४४ वर्षांनी गेले. माग अजून दिसत होता, पण काही छोटे जीव परत आलेले. दोन्ही निकाल एकत्र सांगायचे. ग्रुपवर अर्धाच निकाल फिरतो, ज्याला जो अर्धा हवा तो.

'काळोखातल्या ऑक्सिजन'चेही तसेच झाले. जुलै २०२४ मध्ये एक शोधनिबंध आला की पॅसिफिकच्या तळावरचे हे गोटे उजेडाशिवाय ऑक्सिजन तयार करतात. लगेच 'समुद्राची फुप्फुसे' वगैरे सुरू. त्या गोट्यांवर मोजलेला विजेचा दाब जास्तीत जास्त ०.९५ व्होल्ट. समुद्राचे पाणी फोडून ऑक्सिजन सुटायला सुमारे दीड व्होल्ट लागतो. लेखकांचे म्हणणे, अनेक गोटे जोडले गेले तर जमेल. इतर शास्त्रज्ञांनी मोजणीच्या पद्धतीवरच बोट ठेवले. ज्या कंपनीला खाण काढायची आहे तिनेच या संशोधनाला काही पैसा दिला होता, आणि निकाल आल्यावर तीच तुटून पडली. माझ्या बारावीच्या मुलांना मी हे प्रकरण 'अजून निकाल लागायचा आहे' म्हणूनच शिकवतो. खाण थांबवायला हा खांब धरू नका, उद्या तो पडला तर सगळा मांडव खाली येईल.

आणि सरकारी पत्रकातले ते वाक्य वाचलेय का कुणी? यातले दहा टक्के गोटे काढले तर देशाची शंभर वर्षांची ऊर्जेची गरज भागेल म्हणे. अहो, मँगनीज जाळतात काय? निकेल-कोबाल्ट बॅटरीत वीज साठवायला लागतात, वीज निर्माण करायला नाही. वर्गात कुणी असे लिहिले असते तर मी पेपर परत दिला असता.

वेर्ण्याचा इंजिनियर

बॅटरीचा विषय निघालाच आहे तर. बार्जवाले काका, तुमच्या स्कूटरच्या उदाहरणात एक गोम आहे. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत निकेलही नसते आणि कोबाल्टही नसतो. भारतातल्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत आज तीच बसते. २०२१ मध्ये बीएमडब्ल्यू, व्होल्वो, गूगल, सॅमसंगची बॅटरी कंपनी यांनी जाहीर केले की समुद्रतळाचा धातू तूर्त वापरणार नाही. पाच किलोमीटर खोलीवरचा माल वर येईपर्यंत गिऱ्हाईकच उठून गेलेले असेल. मला पर्यावरणापेक्षा या धंद्याचीच चिंता वाटते.

चोडणचो बार्जवाला

मग चीनचे काय? ते लोक मूर्ख आहेत म्हणून समुद्रतळाचे हक्क घेऊन बसलेत? आज कोबाल्ट शुद्ध करायचे बहुतेक कारखाने त्यांच्याकडे. उद्या त्यांनी नळ बंद केला की तुम्ही लोह-फॉस्फेट म्हणाल, आणि तेही त्यांच्याकडूनच आणाल.

वेर्ण्याचा इंजिनियर

हा टोला लागला, मान्य. पण त्यावर उपाय शुद्धीकरणाचे कारखाने हा आहे. गोटे वर काढून त्यांच्याकडेच पाठवायचे असतील तर नळ त्यांच्याच हातात राहतो.

काणकोणची रापणकारीण

तुम्ही सगळे व्होल्ट आणि करार बोलताय. मी साधे विचारते. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी लावून मासे मारायला बंदी घातली. आज रात्री किनाऱ्यावर येऊन उभे राहा, समुद्रात केवढा उजेड दिसतो ते बघा. पहाटे रापण ओढली की हातात येते ते मूठभर तारले आणि प्लास्टिक. हा समुद्र घरासमोरचा. तक्रार केली की सांगतात बोट नाही, डिझेल नाही, माणूस नाही. आणि तुम्ही मला सांगता की पाच किलोमीटर खाली गाळ किती उडाला त्यावर सरकार लक्ष ठेवील?

निवृत्त दर्यावर्दी

ताई, एलईडीचे तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे. पण मध्य हिंदी महासागरातला तो टापू विषुववृत्ताच्या खाली, इथून जवळपास तीन हजार किलोमीटर. तिथल्या तळाच्या गाळाने काणकोणचा बांगडा मरणार नाही. भीती दाखवायची तर खरी दाखवावी.

काणकोणची रापणकारीण

बांगडा मरेल असे मी कुठे म्हटले? लक्ष कोण ठेवणार हे विचारले. त्याचे उत्तर तुमच्या तीन हजार किलोमीटरात नाही.

आणि गोटे जहाजावर धुतल्यावर गाळाचे पाणी परत समुद्रातच सोडणार ना? कुठल्या खोलीवर? कुपा मधल्या पाण्यात फिरतो, तो काही एका टापूत बसून राहत नाही.

सत्तरीकर

कुठल्या खोलीवर सोडायचे यावरच किंग्स्टनला भांडण चाललेय. खाणकामाची नियमावली २०२५ च्या बैठकांतही पुरी झाली नाही. तीसहून अधिक देश तूर्त थांबा म्हणतात. भारत त्यांत नाही.

पैशाचे कुणीच बोलले नाही म्हणून मीच बोलतो. २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने गोव्याच्या खनिज विक्रीतला दहा टक्के हिस्सा कायम निधीत टाकायला सांगितला, पुढच्या पिढ्यांसाठी. समुद्रतळ तर कायद्याने सगळ्या मानवजातीचा वारसा. तिथेही असाच निधी आधी हवा, मागून कोर्टात जाऊन नको.

चोडणचो बार्जवाला

त्या निधीतून माझ्या बार्जीचा एक तरी हप्ता फिटला काय? पुढच्या पिढ्या म्हणे. माझा मुलगा पुढची पिढीच आहे, तो आता कतारला क्रेन चालवतो.

वास्कोची सून

इतका वेळ वाचत होते. सगळे समुद्राच्या तळाचे बोलताय, माल उतरणार कुठे ते कुणीच बोलत नाही.

सरकारी आकडा असा: आपल्या टापूत ३८ कोटी टन गोटे. त्यात निकेल ४७ लाख टन, तांबे ४२.९ लाख, कोबाल्ट साडेपाच लाख. भागाकार करा. शंभर किलो गोट्यांतून हे तिन्ही धातू मिळून अडीच किलो. मँगनीज साधारण चोवीस किलो, ते काढणे परवडले तर. उरलेला सत्तरेक किलो चिखल, आम्लातून नाहीतर अमोनियातून काढलेला, कुणाच्या तरी दारात पडणार. कुठल्या तरी बंदरापाशीच कारखाना येईल. वास्कोत आम्ही खिडकीच्या कठड्यावरून रोज कोळशाची काळी धूळ पुसतो, वाळत घातलेले पांढरे कपडे घरात ओढतो. समुद्राच्या तळाशी गाव नाही हे बरोबर. धक्क्यावर आहे.

फोंड्याचा मास्तर

हा मुद्दा मला सुचायला हवा होता.

निवृत्त दर्यावर्दी

कारखाना गोव्यात येणार असे कुठेही ठरलेले नाही, हे नोंदवून ठेवतो. यंत्राचे काम चेन्नईच्या संस्थेकडे आहे. त्यांचे 'वराह' २०२१ मध्ये ५,२७० मीटरवर तळाशी चालवून पाहिले, पण चालणे वेगळे आणि रोज हजारो टन उचलणे वेगळे. व्यापारी खाण अजून जगात कुणीच सुरू केलेली नाही. सूनबाईंची धास्ती मात्र मी खोटी ठरवणार नाही.

वास्कोची सून

ठरलेले नाही म्हणूनच आत्ता विचारते. कोळसाही आम्हाला विचारून आला नव्हता.

चोडणचो बार्जवाला

बरे, एक सांगा. खाण आलीच, तर त्या जहाजांवर आमची माणसे घेतील काय? नदीत तीस वर्षे बार्ज हाकली.

निवृत्त दर्यावर्दी

नदीच्या परवान्यावर खोल समुद्रात घेत नाहीत. वेगळे प्रशिक्षण, वेगळे प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणी. तुमचा मुलगा कतारला क्रेन चालवतो म्हणालात ना? डेकवरच्या क्रेनला माणसे लागतात. त्याला कागद आणायला सांगा, काय काय लागते ते मी बघून देतो. खाण येवो न येवो, संशोधन जहाजांनाही माणसे लागतातच.

सत्तरीकर

मध्य हिंदी महासागराचा २००२ चा करार मुदतवाढ घेत घेत २०२७ पर्यंत आलाय. म्हणजे मुदतवाढीचे कागद पुन्हा हलणार. आपल्या दोन्ही खासदारांना मी एक पत्र लिहितोय: नजर कोण ठेवणार, निधी किती, आणि सूनबाईंचा प्रश्न, माल कुठे उतरणार. ज्याला सही करायची त्याने सांगा. बार्जवाले बाब, तुमची नसली तरी चालेल, पण नोकरीचा मुद्दा चौथा म्हणून घालतो.

चोडणचो बार्जवाला

चौथा नको, पहिला घाला. मग सही करतो.