एकाच फीडवर (खाद्यावर) उंदरांच्या दोन स्ट्रेनचं (वंशांचं) कोलेस्टेरॉल इतकं वेगळं का?

पिपेटवाली:
एम.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) उतरवणारं औषध उंदरांवर तपासायचंय. साध्या फीडवर सी५७ब्लॅक/६ उंदरांचं एकूण कोलेस्टेरॉल ८०-१०० मिग्रॅ/डेलीच्या आसपास, त्यातलंही बहुतेक एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’! सर म्हणतात, चरबीचं फीड दे, चढेल. पण जुन्या पेपरांत त्याच फीडवर सी३एच या दुसऱ्या स्ट्रेनच्या उंदरांच्या महाधमनीत चरबी जवळपास साठतच नाही. मग आधी काय ठरवू, फीड की स्ट्रेन?

जुना_पिंजरा:
स्ट्रेन. फीडचं नंतर बघ. उंदरात सीईटीपी हे कोलेस्टेरॉल इकडून तिकडे नेणारं प्रथिनच नसतं, त्यामुळे एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल एलडीएलकडे सरकत नाही. १९८०च्या दशकात संशोधक बेव्हर्ली पायगन यांनी कोलिक आम्ल (एक पित्ताम्ल) घातलेलं जहाल फीड दिलं, तेव्हा सी५७चं एचडीएल कोसळलं, सी३एचचं टिकलं. हा फरक आनुवंशिक निघाला, पहिल्या गुणसूत्रावर सापडला. तरी सी५७च्या धमनीतले चरबीचे डाग बारीकच. खरा मार्ग मोकळा झाला १९९२मध्ये, एपीओई नॉकआउट आला तेव्हा, म्हणजे रक्तातली चरबी उचलायला लागणारं एपीओई जनुक बंद केलेला उंदीर. साध्या फीडवरच ४००-६००.

शेपूटकट्टा:
आपल्याच लॅबमध्ये ब्रीडिंग करणार असाल तर जीनोटायपिंग (पिल्लात कोणती जनुकं आहेत याची तपासणी) टाळू नका. एपीओईची एकच प्रत गेलेलं पिल्लू साध्या फीडवर जवळपास नॉर्मल दिसतं, दोन्ही गेल्या की आकडा उडतो. ग्रुपमध्ये असं एखादं घुसलं की सरासरीचा बोऱ्या.

पिपेटवाली:
उलटंही होतं का? वारशानेच रक्तातली चरबी कमी?

जुना_पिंजरा:
होतं, आणि माझ्या मते तीच सगळ्यात भारी गोष्ट. जपानमधले केके उंदीर लठ्ठ, मधुमेही, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) चढलेलं. त्यांच्याच एका उपवंशात मात्र ट्रायग्लिसराइड अगदी कमी! २००२मध्ये कारण कळलं: अँगपीटीएल३ जनुक बिघडलेलं. त्यापासून बनणारं प्रथिन लायपोप्रोटीन लायपेज या चरबी फोडणाऱ्या एन्झाइमला रोखतं. ते नसलं की रक्तातली चरबी भराभर फुटते. पुढे २०१०मध्ये माणसांतही असं कुटुंब सापडलं, आणि त्या प्रथिनाला अडवणारं इव्हिनाक्युमॅब हे औषध २०२१मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

तुझं औषध स्टॅटिनसारखं (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांसारखं) असेल तर एपीओई नॉकआउट घेऊ नकोस, त्यात स्टॅटिनने कोलेस्टेरॉल नीट उतरत नाही. औषध एलडीएल रिसेप्टरमार्फत (पेशीवरचं, रक्तातलं एलडीएल आत ओढणारं प्रथिन) काम करत असेल तर रिसेप्टर नॉकआउटही बाद. एपीओई३-लायडन.सीईटीपी उंदीर (माणसाची एपीओई३-लायडन आणि सीईटीपी जनुकं घातलेला) मिळतो का विचार. महाग आहे, सरांना आधीच सांगून ठेव.