पेपरखालचे पॅक्स नंबर आता कशाला शिकायचे?

मॅंगनाइट_इंदूर: पीएचडीचं पहिलं वर्ष चालू आहे, लॅब खंडवा रोडला, विषय मॅंगनाइट (मॅंगनीजची चुंबकी ऑक्साइडं). सरांनी जुन्या पेपरांचा गठ्ठा दिला आणि म्हणाले पॅक्स नंबर (फिजिक्स अँड ॲस्ट्रॉनॉमी क्लासिफिकेशन स्कीम, म्हणजे पेपरचा विषय सांगणारे कोड) बघून लिटरेचर काढ. ॲबस्ट्रॅक्टखाली ७५.४७.एलएक्स वगैरे दिसतं, पण परवा सबमिशनचा फॉर्म उघडला तर त्यात तो रकानाच नाही! बंद झालं का हे? मग डोकं कशाला लावू?

थिनफिल्मवाला: भिया, बंद झालंय. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सने काढलेली पॅक्सची शेवटची आवृत्ती २०१०ची, आणि २०१६ पासून फिजिकल रिव्ह्यू जर्नलवाले फिजिक्स सब्जेक्ट हेडिंग्ज (नंबरांऐवजी विषयांची नावं) वापरतात. पण सरांचं बरोबर आहे, जुना माल त्याच नंबरांवर लावलेला आहे ना. वाचायला सोपं आहे, ७५ म्हणजे मॅग्नेटिझम, ७५.४७ मॅग्नेटोट्रान्सपोर्ट (चुंबकी क्षेत्राचा वीजवहनावर परिणाम), एलएक्स म्हणजे मॅग्नेटिक ऑक्साइड. त्यातलं शेवटचं छोटं अक्षर फक्त टायपिंगची चूक पकडायला असतं, त्यात अर्थ शोधत बसू नकोस. आणि ७१.३०.+एच (मेटल-इन्सुलेटर ट्रान्झिशन) असा अधिक दिसला तर समज की त्याच्याखाली आणखी फाटे नाहीत, वजा असला तर आहेत.

सिंक्रोट्रॉन_ताई: एक गोची सांगते, नंबर मधे मधे बदललेत. २००० च्या आसपासच्या कोलोसल मॅग्नेटोरेझिस्टन्सच्या (चुंबकी क्षेत्रात रोध प्रचंड बदलतो, त्या) पेपरांवर ७५.३०.व्हीएन असतं, ७५.४७ नंतर आलं, म्हणजे फक्त ७५.४७ टाकून शोधलंस तर ऐन धामधुमीच्या वर्षांतले कितीतरी पेपर हातातून जातील. शिवाय नंबर लेखकच टाकायचे, त्यामुळे एकच काम कुणी मॅग्नेटिझममध्ये टाकलंय तर कुणी ७१ (इलेक्ट्रॉनिक स्ट्रक्चर) मध्ये. नव्या हेडिंग्जमध्ये मटेरियल वेगळं, टेक्निक वेगळी असं लावता येतं, मला तरी तेच बरं वाटतं.

मॅंगनाइट_इंदूर: थँक्यू ताई. मग कोलोसल मॅग्नेटोरेझिस्टन्सवरच्या १९९४ च्या जिनच्या पेपरपासून सुरू करू का?

सिंक्रोट्रॉन_ताई: कर, पण तिथेच थांबू नकोस. मॅंगनाइटवरचे जाँकर आणि व्हॅन सँटन १९५० चे, झेनरचं डबल एक्स्चेंज (त्यातल्या चुंबकत्वाचं स्पष्टीकरण) १९५१ चं, त्यांच्यावर कुठलाच पॅक्स नंबर मिळणार नाही कारण ही पद्धतच सत्तरच्या दशकातली. ते रेफरन्सेस धरून मागे मागे जाऊनच सापडतात. आणि नवीन काय आलंय ते आर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या साइटवर स्ट्राँगली कोरिलेटेड इलेक्ट्रॉन्स विभागात रोज सकाळी बघत जा.