दुसरं दुकान घेऊ का? फ्रँचायझी चालवणाऱ्यांसाठी अनुभव धागा

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत सात वर्षं माझं केकचं दुकान आहे. ब्रँड मोठा, दुकान जेमतेम दोनशे वीस फूट. आता कंपनी मागे लागलीय की मानपाड्याला दुसरं घ्या, तुमचे आकडे चांगले आहेत. बायको म्हणते, आहे ते दुकान तुझ्याशिवाय एक दिवस चालवून दाखव, मग दुसऱ्याचं बोलू. तिला उत्तर देता आलं नाही म्हणून इथे विचारतोय.

डिपॉझिट किती, किती महिन्यांत पैसे सुटतात, हे लिहू नका. ते कंपनीच्या गुळगुळीत पुस्तिकेत असतं. माणसं कशी टिकवली, कुठे हात पोळले, वाढवायचं की नाही हे कशावरून ठरवलं, ते लिहा. सुरुवात मी करतो.

पहिल्या वर्षी एका गृहस्थांच्या वडिलांची पंचाहत्तरी होती. केकवर 'आबा 75' हवं होतं, आला 'बाबा 75'. संध्याकाळची वेळ, काउंटरवर चार गिऱ्हाइकं, आणि मी सगळ्यांसमोर पोराला झाडला. तो काही बोलला नाही. सुरीने क्रीम खरवडलं, नवीन थर दिला, पुन्हा लिहिलं. रात्री हिशेब लावताना ऑर्डरची वही उघडली तर 'बाबा 75', माझ्याच अक्षरात. फोन मी घेतला होता. दुसऱ्या दिवशी त्याला सॉरी म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. एक तारखेला पगार घेऊन तो गेला तो गेलाच.

तेव्हापासून मजकूर गिऱ्हाइकाने स्वतः वहीत लिहायचा, फोनवरची ऑर्डर असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचा. चुका बऱ्याच कमी झाल्या. पण शटरची चावी अजून माझ्याच खिशात असते, हेही कबूल करतो.

ऐरोली, चहा

माइंडस्पेस या ऑफिसांच्या संकुलाजवळ आमचं आउटलेट. मार्च 2020 च्या आधी सकाळी दहा ते बारा मान वर करायला फुरसत नसायची. लॉकडाउननंतर उघडलं तेव्हा गिऱ्हाईकच घरी बसलं होतं. पुढे ऑफिसं सुरू झाली ती अर्धवट. मंगळ, बुध, गुरू गर्दी. सोमवारी आणि शुक्रवारी माश्या मारा. कंपनीच्या नियमाप्रमाणे मात्र सातही दिवस प्रत्येक पाळीला चार माणसं हवीत.

मी तिघांना काढायच्या बेतात होतो. काउंटरवरची मुलगी (बारावी झालेली, घणसोलीहून यायची) म्हणाली, दादा, आधी तासातासाला किती कप जातात ते लिहून तर ठेवू. सहा आठवडे तिने वहीत रेघा मारल्या. मशीनमध्ये हा आकडा होताच, पण मी तो कधी उघडून बघितला नव्हता. त्यातून दिसलं की शुक्रवारी आत कोणीच नसतं. मग बाहेर ड्रायव्हर, सिक्युरिटीवाले, मेट्रोच्या कामावरची माणसं नाहीत का म्हणून तिनेच विचारलं. मेट्रो आमच्याकडे नाही, पण ड्रायव्हर होते. मग सोमवारी-शुक्रवारी दोघं दुकानात, दोघं थर्मास घेऊन बाहेर. एरिया मॅनेजरने डोळे वटारले, असं विकता येत नाही म्हणाला. ब्रँडचेच कप, ठरलेलाच भाव आणि रोजची बिलं दाखवल्यावर गप्प बसला. कोणालाही काढावं लागलं नाही. ती मुलगी आता पाळी सांभाळते, पगारही त्याप्रमाणे.

दुसरी गोष्ट रजांची. आधी 'गावी जायचंय' हे वाक्य मला आदल्या दिवशी ऐकू यायचं. आता जानेवारीतच भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढतो आणि प्रत्येक जण आपल्या रंगाने गोल करतो. कोकणातल्यांना गणपती, बिहारच्या दोघांना छठ, ते आपोआप बसतं. भांडण फक्त होळीला, कारण त्यांची होळी आणि यांचा शिमगा एकाच वेळी. तिथे एक वर्ष हे, एक वर्ष ते. हे मी नाही ठरवलं, त्यांनीच ठरवलं, म्हणून पाळलं जातं.

कळवा, संगणक केंद्र

आमचं एमएस-सीआयटीचं केंद्र. हा कोर्स चालवणारी एमकेसीएल 2001 साली सुरू झाली, आम्ही नंतर काही वर्षांनी त्यात आलो. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच, मग कळव्यातल्या माणसाने शेजारचं केंद्र सोडून आमच्याकडे का यावं? सरकारी नोकरीतली पन्नाशीची माणसं यायची, वेतनवाढ अडलेली, माउस धरताना हात थरथरायचा. शिकवायला आधी हुशार पोरं ठेवली, ती भराभर पुढे जायची. मग आमच्याकडेच शिकलेल्या, सुरुवातीला सगळ्यात जास्त चाचरणाऱ्या दोन बायकांना ठेवलं. त्यांना न चिडता एकच गोष्ट चार वेळा सांगता यायची. एवढंच आमचं 'लीडरशिप'.

घोडबंदर रोड, सँडविच आणि ज्यूस (बंद केलं)

चांगलंच लिहायला हवं असं नाही ना? मग ऐका.

जागा घेतली तेव्हा समोरून गाड्या वळून थांबायच्या. पुढे मेट्रो 4 चं काम सुरू झालं, पत्रे लागले, गाडी थांबवायला जागा राहिली नाही. हा कोणाचा दोष नाही. माझी चूक वेगळी. नऊ महिने विक्री खाली जात होती आणि मी स्टाफला 'सगळं नीट होईल' सांगत राहिलो. त्यांना तर आधीच कळलं होतं, गल्ला तेच मोजत होते. शेवटी पगाराला आठ दिवस उशीर झाला तेव्हा खरं सांगितलं. तेव्हा एक जण म्हणाला, "आधी बोलला असतात तर मी सोसायट्यांमध्ये पत्रकं वाटली असती." ते वाक्य अजून टोचतं.

हिशेबातली एक गोष्ट सांगतो, ती पुस्तिकेत बारीक अक्षरात असते. रेस्टॉरंटला 5 टक्के जीएसटी, पण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, नोव्हेंबर 2017 पासून असंच आहे. रॉयल्टीवर, म्हणजे ब्रँड वापरल्याबद्दल कंपनीला द्यायच्या हिश्शावर, मात्र 18 टक्के. म्हणजे महिन्याला पाच लाखांची विक्री आणि 6 टक्के रॉयल्टी धरली, तर 30,000 नाही जात, 35,400 जातात, आणि वरचे 5,400 कुठेही वळते होत नाहीत. रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. तोट्याच्या महिन्यातही ती भरलीच. भाड्याच्या करारात लॉक-इन होता (ठरलेल्या मुदतीआधी जागा सोडता येत नाही), तो संपेपर्यंत रिकाम्या दुकानाचं भाडंही भरलं.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. भांडण झालं तर 1872 चा करार कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद. तो सही करण्याआधी वकिलाला दाखवा. मी भावोजींना दाखवला होता, ते बँकेत होते.

खारघर, बालवाडी

दादा, वाचून वाईट वाटलं. माझी कहाणी उलटी आहे, पण सुरुवात तशीच कडू.

तिसऱ्या वर्षी माझी सगळ्यात चांगली शिक्षिका सोडून गेली आणि दोन सेक्टर पलीकडे स्वतःचं सुरू केलं. अकरा मुलं तिच्यामागे गेली. पालकांना मी दोष देत होते, विश्वासघात वगैरे मोठे शब्द वापरत होते. नवऱ्याने विचारलं, "तिला तुझ्याकडे पुढे काय मिळणार होतं?" काहीच नाही. पाच वर्षांनीही ती 'सिनिअर टीचर'च राहिली असती, दीड हजाराने पगार वाढला असता.

कामोठ्याला दुसरी शाखा काढायची वेळ आली तेव्हा आमच्या दुसऱ्या बाईंना नोकरीवर नेलं नाही, भागीदार केलं. त्यांच्याकडे पैसे नव्हते, म्हणून नफ्यातला चौथा हिस्सा आणि पहिली दोन वर्षं त्यातून थोडं थोडं भांडवल वळतं करायचं, असा कागद केला. कंपनीला हे पटवायला तीन महिने लागले, कारण त्यांच्या फॉर्ममध्ये असा रकानाच नव्हता. कामोठ्याला मी आठवड्यातून एकदाच जाते. सुरुवातीला रोज फोन करून 'आज किती मुलं आली' विचारायचे. बाई एकदा शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही विचारलं की मला वाटतं मी अजून नोकरीतच आहे." तेव्हापासून बंद.

तुम्हाला विचारते, मानपाड्याला कोण बसणार, त्याचं नाव तुमच्या डोक्यात आहे का? नसेल तर जागा बघू नका.

कोपरी, दुसऱ्या बाजूने

मी एका खाद्यपदार्थांच्या साखळीत एरिया मॅनेजर होतो. आता सोडलंय म्हणून लिहितो. माझ्याकडे ठाणे ते पनवेल बावीस आउटलेट होती. तपासणीच्या यादीत तापमान, तारखा, हातमोजे, सगळं असायचं. मी मात्र आधी बघायचो की स्टाफ डबा कुठे खातो. मागे पिंपावर बसून किंवा उभ्या-उभ्या खात असतील तर त्या दुकानात सहा महिन्यांत माणसं बदलणार. एकाने फक्त एक फळकुटाचं टेबल आणि पंखा लावला होता, त्याच्याकडे तीच माणसं वर्षानुवर्षं दिसायची. भाडं चौरस फुटावर देता, त्यातले बारा फूट टेबलाला द्यायचे म्हणजे मालकाच्या जिवावर येतं, ते समजतं मला.

आणि खरं सांगू का, आकडे चांगले दिसले की आम्ही लगेच दुसरं घ्या म्हणायचो. नव्या शाखा किती निघाल्या यावर आमचंही मूल्यमापन असायचं. तुमच्या तयारीचा त्यात फारसा विचार नसे.

वाशी, सेक्टर 17

छोटंसं. दुकानांच्या कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी आवश्यक झाली, अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाहीत. आमच्या मुख्य कार्यालयाचं उत्तर: लोगोला हात लावायचा नाही. दंड भरायचा मी, हट्ट त्यांचा. एकट्याच्या ईमेलला कोणी विचारलं नाही. मग वाशी, नेरुळ, ठाण्यातले नऊ फ्रँचायझीवाले एका ग्रुपवर आलो आणि एकच पत्र नऊ सह्यांनी पाठवलं. देवनागरी लोगोची फाइल चौदा दिवसांत आली. तोवर आम्ही एकमेकांना स्पर्धक समजत होतो. आता त्याच ग्रुपवर एकाचा माल संपला की दुसरा टेम्पोत घालून देतो.

पुन्हा नौपाडा

सगळं दोनदा वाचलं. खारघरच्या ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे नाव नव्हतं, म्हणून मानपाड्याच्या मालकाला सध्या नाही कळवलं. त्या पोराला, केकवाल्याला, फोनही केला. डोंबिवलीला स्वतःचं करतो. सॉरी म्हटलं तर हसला, म्हणाला, "वहीत काय लिहिलंय ते मी तेव्हाच बघितलं होतं."

आणि रविवारी चावी दिली. सकाळी पावणेनऊला तलावपाळीवर जाऊन बसलो, फोन खिशात उलटा ठेवून. नऊ वाजून पाच मिनिटांनी वाजलाच. "दादा, कुलूप उघडत नाहीये, तुम्ही कसं उघडता?" शटर उजवीकडून दोन बोटं वर उचलून मग चावी फिरवावी लागते. सात वर्षांत मी हे कुणाला सांगितलंच नव्हतं.