मोठा सांबर नर दिवसाउजेडी कसा गाठायचा? (कॅमेऱ्यानं, बंदुकीनं नव्हे)

जांबोटी_मळा:
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं कणकुंबी रोडला आत आमची मालकी जमीन आहे, खाली भात, वरच्या अंगाला काजू, काजूच्या मागं टेकडी आणि तिथनं पुढं सगळं रान. भात पिवळं पडायला लागलं की सांबरं उतरतात, हे आज्जाच्या काळापासनं चालूच आहे, त्याची तक्रार नाही (म्हणजे आहे, खरं इथं लिहून काय उपयोग). यंदा बांधावर ट्रॅप कॅमेरा (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा) लावलाय आणि त्यात एक नर यायलाय, एवढा थोराड मी तरी बघितला नव्हता, मानेवर केसाची झूल, शिंगं बुडाला मनगटाएवढी जाड. खरं येतो कधी तर रात्री एक-दोनलाच, आणि कॅमेऱ्यात नुसते चमकणारे डोळे. मला त्याचा उजेडातला एक नीट फोटो पाहिजे.

आमचे दाजी अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतात, तिकडं हरणाची शिकार लायसन काढून करता येते आणि त्यांना त्याचं लई वेड. ते म्हणतात शेताच्या कडेला बसून म्हातारा नर कधीच दिसायचा नाही, हरणं दिवसा जिथं बसतात तिथं जवळ जाऊन बस, माजाच्या दिवसात नर दिवसासुद्धा तिथं फिरतो. व्हिडिओ पण ढीगभर पाठवलेत. हे सांबराला लागू पडतंय काय? टेकडीच्या मधल्या टप्प्याला कारवीच्या दाटीत ती बसतात हे माहीत आहे, पहाटे अंधारात तिथं घुसून लपून बसावं काय? आणि आमच्याकडं नेमका सीझन कुठला धरायचा?

खानापूर_नाका:
फोटोच ना नक्की? नाहीतर इथं प्रश्न विचारून उद्या फॉरेस्टवाले दारात उभे राहायचे. १९७२ च्या कायद्यापासनं विषय संपलाय, पीक राखायला म्हणून बंदुकीचा परवाना असला तरी त्यात सांबर बसत नाही. आमच्या गावात तर इलेक्शन आलं की त्या बंदुकापण स्टेशनला जमा.

जांबोटी_मळा:
फोटोच ओ. आज्जाची ठासणीची होती, ती कधीच देऊन टाकली.

मिलवॉकीचा_वडगावकर:
मी मूळचा वडगावचा, आता बरीच वर्षं विस्कॉन्सिनात, आणि हो, मीपण जातो नोव्हेंबरात. तुमचे दाजी बरोबर सांगतायत खरं अर्धंच सांगितलंय, आणि अर्धं ऐकून कारवीत घुसलासा तर सगळं हुकणार.

आधी इथलं सांगतो. इथलं हरीण म्हणजे व्हाइटटेल, पांढऱ्या शेपटाचं. दिवस लहान व्हायला लागला की त्यांच्या अंगात माज चालू होतो, थंडीमुळं नव्हे, उजेडाच्या हिशोबानं, म्हणून इथं उत्तरेकडं दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच जोर असतोय. ऑक्टोबरच्या शेवटाला नर झाडांच्या साली शिंगानं सोलून ठेवतात, जमीन खुरानं उकरून त्यात मुततात आणि वर लोंबणाऱ्या फांदीला तोंड-डोळे घासून वास लावतात. नवखे लोक त्या उकरलेल्या जागेवरच जाऊन बसतात. खरं तिथं तो बहुतेक रात्रीच येतो, म्हणजे तुमच्या बांधावरच्या कॅमेऱ्याचीच गत.

आता मेन गोष्ट. त्या दिवसात नर कुठं बसतो हे विसरा, माद्या कुठं बसतात ते शोधा. मादी माजावर असते ती जेमतेम एखादा दिवस, गाभण राहिली नाही तर साधारण २८ दिवसांनी परत. तेवढ्यात तिला गाठायचं तर नराला फिरल्याशिवाय गत्यंतर नाही. कोवळा नर सरळ दाटीत घुसून माद्या उठवत फिरतो. चार-पाच वर्षांचा पक्का नर तसं करत नाही, तो त्या दाटीच्या खालच्या वाऱ्याला, म्हणजे वारा दाटीकडनं त्याच्याकडं येईल अशा बाजूनं, कडेकडेनं चालत जातो आणि आत न शिरता नुसत्या नाकानं हजेरी घेतो. आत कोण आहे, कोण माजावर आहे, सगळं त्याला बाहेरच कळतं. तर बसायची जागा ती, दाटीच्या आत नव्हे, दाटीच्या खालच्या वाऱ्याची कड. आणि तिथंपण असं बसायचं की तुमचा वास त्याच्या वाटेवरनं न जाता वाटेच्या जरा बाजूनं सुटून जाईल. हा कोन जमवण्यातच सगळी मेहनत आहे.

दुसरं, वेळ. सगळे सकाळी नऊला कंटाळून उठतात आणि चहाला जातात. मादी मिळाली की नर तिला घेऊन एखाद-दोन दिवस गायबच होतो, ती सोडली की परत पुढची हुडकायला निघतो, ते कुठल्यापण टायमाला, भर दुपारी अकरा-बारालासुद्धा. म्हणून इथं जुने लोक त्या आठवड्यात डबा घेऊन दिवसभर बसतात.

तिसरं, डोंगरातला वारा. सकाळी ऊन लागलं की हवा तापून उताराला वर चढते, संध्याकाळी थंड होऊन ओढ्यानं खाली उतरते. म्हणजे सकाळी तुम्ही खाली बसलासा तर तुमचा वास सरळ वरच्या कारवीत. मी खिशात टाल्कमची छोटी बाटली ठेवतो, चिमूट सोडली की कळतं.

कपड्यांचं टेन्शन घेऊ नका. इथं बंदुकीच्या नऊ दिवसांच्या सीझनला अंगावर भडक केशरी नाहीतर भडक गुलाबी घालणं कायद्यानं सक्तीचं आहे, एकमेकाला गोळी लागू नये म्हणून, आणि तरी हरणं मिळतात, कारण त्यांना तो रंग आपल्यासारखा दिसतच नाही. हालचाल, आवाज आणि वास, त्यांना ह्या गोष्टी लगेच कळतात.

निपाणीकर_पाटील:
एवढं कशाला, काजूत मिठाचा खडा टाका की. गुरांना ठेवतात तो. आठ दिवसात सगळं सांबर तिथं.

खानापूर_नाका:
@निपाणीकर पाटीलसाहेब, कायद्यात शिकारीची व्याख्या बघा. आमिष दाखवणं, हाकणं, फास लावणं, सगळं 'शिकार' ह्या शब्दातच घातलंय. हातात कॅमेरा होता हे नंतर कुणाला समजावत बसणार? आणि एप्रिलात गळून पडलेलं शिंग सापडलं तर तेपण घरी आणून भिंतीला लावू नका, ठेवता येत नाही.

निपाणीकर_पाटील:
बरं बरं, मागं घेतो. आमच्याकडं तंबाखूला कुणी तोंडच लावत नाही, त्यामुळं आम्हाला सांबराचा अनुभव नाही 😄

लोंढा_रानवाट:
वडगावकरांनी वाऱ्याचं सांगितलं ते शंभर टक्के. खरं सांबर म्हणजे व्हाइटटेल नव्हे, तो फरक धरा.

सांबराचा माज एका आठवड्यात आटपत नाही. पावसाळ्यात शिंगं मखमली कातडीत असतात, पावसानंतर वाळून घट्ट होतात, आणि मग साधारण नोव्हेंबर-डिसेंबर हे जोराचे दिवस, मागं-पुढं पसरलेले. मार्च ते मेमध्ये शिंगं गळतात. म्हणजे तुम्ही आता विचारलंय ते टायमात विचारलंय. आणि चितळाच्या हिशोबानं जाऊ नका, त्याचा जोर उन्हाळ्यात असतो, नर ओरडत कळपात फिरतो, उघड्यावर दिसतो. सांबराचा कळपच नसतो म्हणा, एक मादी, तिचं पिलू, फार तर अजून एखादी. नर ह्या टोळक्याकडनं त्या टोळक्याकडं एकटाच फिरतो. म्हणून तुमच्या टेकडीवर माद्यांचं एकच टोळकं असेल तर तो रोज तिथं येईलच असं नाही, शेजारच्या तीन टेकड्यासुद्धा त्याच्याच.

मी असतो तर लोळण हुडकली असती. माजावरचा सांबर चिखलात मुतून त्यातच लोळतो, मान-पोट सगळं माखून घेतो, आणि बाहेर येऊन शेजारच्या झाडाला अंग घासतो. खोडावर कमरेच्या वर वाळलेला चिखल, त्यात लांब राठ केस चिकटलेले, आणि त्याच्यावर शिंगानं सोललेली साल दिसली की समजा इथं राजे येतात. कधीकधी मागच्या दोन पायावर उभा राहून वरच्या फांदीला तोंड घासतो, ती खूण माणसाच्या डोक्याच्यापण वर असते. ताजी आहे का बघायचं तर चिखल ओला आहे का आणि सालीतनं चीक येतोय का ते बघा.

आणि कारवीत पहाटे घुसायचं म्हणताय ते डोक्यातनं काढा. सांबर गेलं तेल लावत, त्या दाटीत अस्वल असतं. खानापूर तालुक्यात अस्वलानं फाडलेली माणसं काय कमी आहेत? गव्याचीपण वाट तीच. शिवाय एकदा तुम्ही बसायच्या जागेतनं त्यांना उठवलंत की एक 'ढाँक' करून सगळी पलीकडच्या खोऱ्यात, आणि तुमचा सीझन संपला.

टेकडीचा वरचा भाग मालकीत आहे का फॉरेस्टात तेपण बघा. भीमगड अभयारण्य २०११ ला झालं, १९० चौरस किलोमीटर आहे, तुमच्या बाजूला हद्द लांब नाही. आत असेल तर परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही.

टिळकवाडी_फार्मसी:
जिथं सांबर बसतं तिथं गवतात गोचीड असतंय एवढं लक्षात ठेवा. शेजारी गोव्यात सत्तरीला २०१५ ला आणि महाराष्ट्रात दोडामार्गला २०१६ ला माकडतापाचे (केएफडी) पेशंट निघाले, तो गोचिडीनंच पसरतो आणि त्याचे दिवस थंडी ते उन्हाळा. पँट मोज्यात खोचा, अंगाला डीईपीए तेल (गोचीड लांब ठेवणारं) लावा, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात. तीन ते आठ दिवसात ताप भरला तर डॉक्टरला रानात गेलो होतो हे आधी सांगायचं.

मिलवॉकीचा_वडगावकर:
इथंपण तेच, हरणाच्या गोचिडीनं लाइम होतो. सीझनभर रोज रात्री बायको टॉर्च घेऊन पाठ तपासते.

जांबोटी_मळा:
लई आभार सगळ्यांचे. सातबारा, म्हणजे आमच्याकडचा उतारा, काढून बघितला, कारवीचा पट्टा फॉरेस्टात जातोय, तो विषय बंद. खरं काजूच्या वरच्या कोपऱ्याला एक नाला आहे, नोव्हेंबरातपण पाणी असतं, आणि तो आमच्यात येतो. काल जाऊन बघितलं, नाल्याच्या काठाला ऐनाच्या झाडाला चिखल लागलेला आहे, माझ्या छातीपर्यंत, आणि केस पण आहेत. चिखल वाळलेला, खरं खाली डबक्यात पाणी अजून गढूळ. आता बसायचं कुठं?

लोंढा_रानवाट:
मग झालं की! डबकं आणि कारवी ह्यांच्या मधी बसू नका, ती त्याची वाट आहे. नाल्याच्या ज्या काठाला झाड आहे त्याच्या समोरच्या काठाला, जरा उंचावर, चाळीस-पन्नास पावलं लांब काजूवर माळा बांधा. आठ दिवस नुसता तसाच ठेवा, त्यांना सवय होऊ दे, नवीन लाकडाचा वास जाऊ दे. तोपर्यंत ट्रॅप कॅमेरा बांधावरनं काढून झाडाकडं तोंड करून लावा, लावताना एकदाच जायचं, दुपारी.

मिलवॉकीचा_वडगावकर:
आणि संध्याकाळी बसत असाल तर नाल्यानं हवा खाली उतरते, म्हणजे माळा डबक्याच्या खालच्या अंगाला पाहिजे. सकाळसाठी उलटं, खरं सकाळी वरनं जायला वाट फॉरेस्टातनं असणार, तर सकाळ सोडूनच द्या. तीनला जाऊन बसा, अंधार पडायच्या आधीचा पाऊण तास तुमचा. माळ्यावर कमरेला दोर बांधून बसा, इथं दरवर्षी बंदुकीपेक्षा झाडावरनं पडूनच लोक जायबंदी होतात.

खानापूर_नाका:
फोटो आला तर टाका, खरं लोकेशन टाकू नका. जांबोटी एवढंसुद्धा नको, प्रोफाइलचं नावच बदला बघू आधी.