शिकवलेला पोरगा निघून जातो तेव्हा

लोक विचारतात, काम शिकवलेली पोरं मुंबईला जातात, तर गॅरेजच्या मालकाने शिकवावं कशाला? मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, म्हणून लिहितो. गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने १९६४ मध्ये मांडलं होतं की कुठेही चालणाऱ्या कौशल्याचा खर्च शिकणाराच सोसतो, कमी पगार घेऊन. आमच्याकडे तेच घडतं. पण घरात दुसरं कमावणारं नसेल तर पोरगा वर्षभर त्या पगारावर टिकणार कसा? खरी अडचण ही आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी शाकारलेल्या, तेव्हाच शिकवायला सवड मिळते. टॅपेटची, म्हणजे इंजिनाची झडप उघडणाऱ्या भागाची, फट मोजताना फिलर गेज, म्हणजे मापाची पातळ पट्टी, किंचित अडकत सरकायला हवं. ते 'किंचित' बोटांना कळायला शंभरदा हात फिरवावा लागतो.

अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा, पण शिकाऊ घ्यायची सक्ती ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांनाच. २०१६ च्या योजनेत शिकाऊंच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला कमाल १५०० रुपये, सरकारने द्यायचा ठरला. आमच्यासारख्या छोट्या गॅरेजात बाकीचा भार कोण उचलणार? बंदीच्या दोन महिन्यांचं पूर्ण विद्यावेतन थेट पोराच्या हातात पडू दे, शिकवायला मी आजही तयार आहे. मी शिकवलेले दोघे निघून गेले, तरीही.